दोष चाळणीचा, बोल धान्याला

दर सप्टेंबरात अमेरिकेचं जनगणना कार्यालय आरोग्यविम्याचे आकडे जाहीर करतं आणि दुसऱ्या दिवसापासून ठरलेलं भांडण सुरू होतं. २०२४ साली ८ टक्के अमेरिकन, म्हणजे सुमारे २ कोटी ७० लाख माणसं, विम्याविना होती. वर्णवार फोड केली की चित्र आणखी उघडं पडतं. ६५ वर्षांखालच्या लोकांत २०२२ साली गोऱ्यांपैकी साडेसहा टक्क्यांच्या आसपास लोकांना विमा नव्हता. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण १० टक्के, हिस्पॅनिकांत, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांत, १८ आणि मूळ अमेरिकनांत १९. एक गट हे आकडे नाचवत ‘वर्णद्वेष’ असं ओरडतो. दुसरा गट थंडपणे सांगतो, उत्पन्न, शिक्षण, नोकरी, नागरिकत्व हे सगळं सारखं धरून हिशेब मांडा, फरक बराचसा विरघळतो. मग वर्णाचा प्रश्न आला कुठून? बायकांचा विषय निघाला की या दुसऱ्या गटाला आणखी जोर चढतो, कारण अमेरिकेत विमा नसलेल्या प्रौढांत पुरुषच जास्त आहेत.

मला दोघांचंही पटत नाही. पहिल्याला आरोपी हवा आहे, दुसऱ्याला निर्दोषत्वाचा दाखला. दोघंही कुणाच्या तरी मनातला हेतू हुडकत बसतात, आणि तो सापडला किंवा सापडला नाही की वाद संपला असं समजतात. माझं म्हणणं असं, की अमेरिकेत ६५ वर्षांखालच्या माणसाला विमा माणूस म्हणून मिळत नाही. तो कशाच्या तरी मार्फत मिळतो. नोकरीमार्फत, जोडीदारामार्फत किंवा आपण ज्या राज्यात राहतो त्या राज्याच्या मर्जीमार्फत. ही दारं कुणी, केव्हा आणि कुणाचं माप घेऊन बांधली ते पाहिल्याशिवाय आकड्यांवर भांडण्यात अर्थ नाही. आणि ‘नोकरी सारखी धरली तर फरक उरत नाही’ हे वाक्य तर आरोप खोडत नाही, गुन्ह्याची पद्धतच सांगतं. दाराच्या आत पोहोचलेल्यांची आपसांत तुलना करायची आणि दारात कुणाला अडवलं जात नाही असा निष्कर्ष काढायचा, याला हिशेब कसं म्हणायचं?

नोकरीचं दार कसं बसलं याची गोष्ट मोठी गमतीची आहे, कारण ते कुणी ठरवून बसवलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, महागाई आवरण्यासाठी सरकारने पगार गोठवले. कामगार तर मिळत नव्हते. पगार वाढवता येत नाही म्हटल्यावर कारखानदारांनी आरोग्यविम्याचं आमिष दाखवायला सुरुवात केली, आणि सरकारने त्याला पगारवाढ मानायचं नाही असं ठरवलं. १९५४च्या करकायद्याने मालक भरत असलेल्या हप्त्यावरची करमाफी पक्की केली. युद्धातली तात्पुरती पळवाट अशी देशाचा राजमार्ग झाली. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये सगळ्यांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेने ‘समाजवादी औषधोपचार’ म्हणून त्याला झोडपलं आणि तो बारगळला. आता विचारा, पगाराऐवजी विमा देणारी नोकरी त्या काळात कुणाकडे होती? संघटित उद्योगांत, मोठ्या कारखान्यांत, कचेऱ्यांत. दक्षिणेतले कृष्णवर्णीय पुरुष शेतात होते आणि बायका गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात. तिथे विमा कसला, पगाराची पावतीही नव्हती.

हेच दशकभर आधी एकदा घडून गेलं होतं. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना म्हातारपणच्या पेन्शनमधून बाहेर ठेवलं. कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता, पण कृष्णवर्णीय कामगारांपैकी निम्म्याहून अधिक त्या दोन शब्दांत बसत होते. वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी तेव्हा संसदेपुढे साक्ष देताना या कायद्याला चाळणीची उपमा दिली होती: बहुसंख्य कृष्णवर्णीय गळून पडतील एवढीच भोकं असलेली चाळण. हे वगळणं दक्षिणेतल्या खासदारांच्या दबावाखाली झालं, की इतक्या विखुरलेल्या मजुरांकडून वर्गणी गोळा करणं कठीण म्हणून, यावर इतिहासकार अजून भांडतात. भांडोत बापडे. भोकं पाडणाऱ्याच्या मनात काय होतं यावरून धान्य कमी-जास्त सांडत नाही.

विमावाल्यांची बाजू मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिच्यात दम आहे. ते म्हणतात, विमा म्हणजे दानधर्म नव्हे. ज्याची जोखीम जास्त त्याचा हप्ता जास्त. यात द्वेष नाही, गणित आहे. बाळंतपणाच्या वयातल्या बायका डॉक्टरकडे जास्त जातात हे खरंच आहे. त्यांना पुरुषांएवढाच हप्ता लावला तर फरक तरुण पुरुषांच्या खिशातून जाणार, आणि ते विमाच सोडून देतील. सगळे निरोगी लोक निघून गेले की उरलेल्यांचा हप्ता आणखी चढतो आणि आणखी काही जण बाहेर पडतात. हे चक्र काल्पनिक नाही, विमाधंद्यातल्या कुणालाही विचारा.

गणित बरोबर आहे. पण बरोबर गणिताने या देशात काय काय केलंय तेही पाहू. १८८१ साली प्रुडेन्शियल कंपनीने ठरवलं, की कृष्णवर्णीयांकडून आयुर्विम्याचा हप्ता पूर्ण घ्यायचा आणि मृत्यूनंतर रक्कम मात्र दोन तृतीयांश द्यायची. मॅसॅच्युसेट्सने १८८४ मध्ये कायदा करून असा भेद बंद केला, पाठोपाठ काही राज्यांनी तसे कायदे केले. तेव्हा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी १८९६ साली आकडेवारीचा डोंगर रचून सिद्ध केलं, की कृष्णवर्णीयांचा मृत्युदर मुळातच, वंशगुणामुळेच, इतका जास्त आहे की त्यांचा विमा उतरवणं शहाणपणाचं नाही. मृत्युदर जास्त होता हे खोटं नव्हतं. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी पुढच्याच वर्षी त्यांना उत्तर दिलं. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या या माणसाने दाखवलं, की युरोपातल्या कित्येक शहरांत गोऱ्यांचे मृत्युदरही तितकेच किंवा त्याहून वाईट आहेत; मग तिथेही वंशगुणच का? कोंदट खोल्या, घाण पाणी आणि अपुरं अन्न दिसलं नाही म्हणून हॉफमनना रक्त दिसलं. बेरीज चुकली नव्हती. बेरजेला नाव चुकीचं दिलं होतं.

ही एकोणिसाव्या शतकातली जळमटं आहेत, आज अर्जावर वर्ण कोण विचारतो, असं कुणी म्हणेल. खरं आहे, विचारत नाहीत. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेतली इस्पितळं आणि विमायोजना कुणाला जादा देखभालीची गरज आहे हे ओळखायला एक संगणकीय गणनपद्धत सर्रास वापरत होत्या. तिच्यात वर्णाची नोंदच नव्हती. ती फक्त पुढच्या वर्षी या रुग्णावर किती खर्च होईल याचा अंदाज बांधायची आणि जास्त खर्च म्हणजे जास्त आजार असं धरायची. पण कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत होता, कारण त्यांच्यापर्यंत उपचार कमी पोहोचत होते. यंत्राला ते ठणठणीत वाटले. संशोधकांनी हिशेब केला: खर्चाऐवजी प्रत्यक्ष आजारपण मोजलं, तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातो. ज्याला आधी मिळालं नाही त्याला गरजच नव्हती असं समजायचं! हॉफमन निदान नाव घेऊन बोलत होते.

आता बायका. त्यांच्यात विमा नसलेल्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी आहे, हे मान्य करून पुढे जाऊ, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी हे लपवू नये. पण त्यांना विमा कशामुळे मिळतो ते बघा. पुष्कळ जणींना नवऱ्याच्या नोकरीतून. घटस्फोट झाला की तो संपतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता, की घटस्फोटानंतरच्या काही महिन्यांत दर वर्षी सुमारे १ लाख १५ हजार बायका खासगी विमा गमावतात. कायदा सांगतो, मोठ्या कंपनीतला तोच विमा ३६ महिने चालू ठेवता येईल, मात्र आधी मालक भरत होता तो हिस्साही आता तिनेच भरायचा आणि वर २ टक्के शुल्क. २०२४ साली नोकरीतल्या विम्याचा एका माणसाचा सरासरी वार्षिक हप्ता जवळपास ९ हजार डॉलर होता आणि कुटुंबाचा साडेपंचवीस हजार. संसार मोडलेल्या बाईला हा हक्क म्हणजे दुकानाच्या काचेतून दिसणारा दागिना.

दुसऱ्या कितीतरी जणींना विमा मिळतो तो गरोदरपणामुळे. अमेरिकेतल्या सुमारे ४० टक्के बाळंतपणांचा खर्च मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची केंद्र आणि राज्यांची संयुक्त योजना, उचलते. कृष्णवर्णीय बायकांत तर जवळजवळ दोन तृतीयांशांचा. ऐकायला छान. पण केंद्राच्या नियमाप्रमाणे हा आधार बाळंतपणानंतर ६० दिवसांनी सुटायचा. तो वर्षभर चालू ठेवायची सोपी मुभा राज्यांना २०२१च्या कायद्याने दिली. गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त मृत्यू बाळंतपणानंतर आठवडा उलटल्यापासून वर्षभराच्या आत होतात, हे रोगनियंत्रण केंद्रच सांगतं. हा नियम करणाऱ्यांना बाई दिसत होती, की नुसतं पोट?

न्यायालयांनाही पोट आणि बाई यांचा मेळ घालताना घाम फुटला होता. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपण वगळणारी कॅलिफोर्नियाची अपंगत्व-विमा योजना वैध ठरवली. तर्क असा, की ही योजना स्त्री-पुरुष भेद करत नाही. ती फक्त ‘गरोदर स्त्रिया’ आणि ‘गरोदर नसलेल्या व्यक्ती’ असे दोन गट पाडते. १९७६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या खटल्यात हाच तर्क पुन्हा चालला. लोक इतके चिडले की १९७८ साली संसदेला कायदा करून तो पुसावा लागला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्याचा खटला निकाली निघाला. बायका जास्त जगतात म्हणून पेन्शन फंडात त्यांच्याकडून सुमारे १५ टक्के जास्त वर्गणी कापली जात होती. न्यायालयाने सांगितलं, सरासरी खरी असली तरी समोरच्या एका बाईला सरासरीची शिक्षा देता येणार नाही. विमाधंद्याच्या गणिताला मिळालेलं मला माहीत असलेलं सगळ्यात नेमकं उत्तर हेच. तरीही स्वतःचा स्वतः विमा घेणाऱ्या बाईला त्यानंतरही पस्तीसेक वर्षं जास्त हप्ता भरावा लागत होता, कारण तो निकाल फक्त नोकरीतल्या योजनांना लागू होता. आधीचं सिझेरियन हा ‘पूर्वीचा आजार’ धरला जायचा, काही राज्यांत नवऱ्याकडून झालेली मारहाणसुद्धा. २०१०चा कायदा, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात, त्याने २०१४ पासून हे बंद केलं. तरुण पुरुष विमा सोडून पळाले आणि सगळा डोलारा कोसळला, असं काही झालं नाही. अनुदानं दिली की माणसं थांबतात.

त्याच कायद्याने वर्णाच्या वादात एक नैसर्गिक प्रयोगही करून ठेवलाय. ‘त्यांच्या संस्कृतीतच बचत नाही, शिस्त नाही’ असं म्हणणाऱ्यांनी, आणि अशी माणसं आपल्या मराठी घरांतही आहेत, विशेषतः ज्यांचे मुलगे-सुना न्यू जर्सीत आहेत अशा घरांत, तो जरूर पाहावा. २०१० साली आशियाई वंशाच्या अमेरिकनांत सुमारे १७ टक्के लोक विम्याविना होते, गोऱ्यांच्या १३ टक्क्यांपेक्षा जास्त. २०२२ साली ते प्रमाण ६ टक्के, गोऱ्यांपेक्षाही कमी. बारा वर्षांत आशियाई संस्कृती सुधारली का? याच काळात कृष्णवर्णीयांचं प्रमाण २० वरून १० वर आणि हिस्पॅनिकांचं ३३ वरून १८ वर आलं. बदलला तो कायदा. आणि आपल्या एच-वन-बी वाल्यांचं म्हणाल, तर तो व्हिसाच नोकरीला बांधलेला असतो. दाराच्या आतच उतरवलेल्या माणसाने उंबरठा ओलांडल्याची फुशारकी मारू नये. त्याच घरातली एच-फोर वरची बायको काय म्हणते तेही ऐकावं. नवऱ्याची नोकरी गेली की तिचा विमा, व्हिसा आणि झोप तिन्ही एकाच पत्राने जातात.

राहिलं राज्याचं दार. ओबामाकेअरच्या मूळ आराखड्यात दारिद्र्यरेषेखालचे आणि तिच्या थोडे वर असलेले सगळे प्रौढ मेडिकेडमध्ये यायचे होते. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांवर सोडला. ४० राज्यांनी आणि राजधानीने तो स्वीकारला, १० राज्यं बाहेर राहिली, आणि त्यांतली बहुतेक दक्षिणेतली: टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना, टेनेसी. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती नेमकी इथेच. टेक्सासमध्ये मूल नसलेला धडधाकट गरीब मेडिकेडला पात्रच नाही, आणि मुलांच्या आईने दारिद्र्यरेषेच्या १५-१६ टक्क्यांहून, म्हणजे तिघांच्या कुटुंबात वर्षाला चारेक हजार डॉलरहून, जास्त कमावलं की ती बाहेर. बरं, बाजारातल्या विम्यावरचं अनुदान दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्यांनाच, कारण खालचे मेडिकेडमध्ये असणार असं कायदा धरून चालला होता. म्हणजे ती मेडिकेडसाठी श्रीमंत आणि अनुदानासाठी गरीब. या खड्ड्यात गरीब गोरेही हजारोंनी पडले आहेत, आणि नुसतं ‘वर्णद्वेष’ म्हणून थांबणाऱ्या माझ्या मित्रांना ते दिसत नाहीत, ही त्यांची मोठी चूक. चाळण जात विचारत नाही. पण कुणाला नेऊन तिच्यावर ओतलं होतं, ते इतिहासाला ठाऊक असतं. मॅसॅच्युसेट्स, ज्याने १८८४ सालीच विम्यातला वर्णभेद बंद केला आणि २००६ मध्ये सगळ्यांना विम्याखाली आणणारा कायदा केला, तिथे आज ३ टक्क्यांहून कमी लोक विम्याविना आहेत. टेक्सासमध्ये १६ टक्क्यांच्या वर.

हिस्पॅनिकांच्या आकड्यात स्थलांतराचा वाटा मोठा आहे, हा आक्षेप रास्त आहे. कागदपत्रं नसलेल्यांना ओबामाकेअरच्या बाजारात स्वतःच्या पैशानेही विमा विकत घेता येत नाही, आणि १९९६च्या कायद्याने बहुतेक ग्रीनकार्डधारकांनाही मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबवलं. पण हेही चौथं दारच झालं.

यापेक्षा जड आक्षेप वेगळा आहे: विमा मिळाल्याने माणसं बरी होतात हे कुठे सिद्ध झालंय? ओरेगॉन राज्याने २००८ साली मेडिकेडच्या मोजक्या जागांसाठी चिठ्ठ्या काढल्या, त्यामुळे संशोधकांना आयता प्रयोग मिळाला. दोन वर्षांनी पाहिलं तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांत ठोस सुधारणा दिसली नाही. नैराश्य मात्र कमी झालं आणि उपचारांपायी कंगाल होण्याचे प्रसंग जवळपास संपले. पहिला भाग सांगून दुसरा गिळणारे बरेच भेटतात. शिवाय दोन वर्षांत मृत्यू मोजायला हवी तेवढी माणसंही त्या प्रयोगात नव्हती. पुढे करखात्याकडून नकळत मोठा प्रयोग झाला. विमा नसल्याबद्दल दंड भरलेल्या ४५ लाख कुटुंबांना विम्याची माहिती देणारी पत्रं पाठवायची होती; पैसे कमी पडले म्हणून ३९ लाखांनाच गेली, आणि कुणाला वगळायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. ४५ ते ६४ वयोगटात, पत्र मिळालेल्या दर १,६४८ माणसांमागे एक मृत्यू टळला. एका पत्राने!

विमा असूनही भेद उरतो, हेही खरं. सेरेना विल्यम्स यांना कसली ददात? तरी २०१७ साली बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी श्वास अडकू लागल्यावर, आपल्याला फुप्फुसात गुठळ्या होतात हे त्या स्वतः सांगत असताना, औषधाने त्यांना भ्रम झाला असावा असं नर्सला वाटलं. गुठळ्या निघाल्याच. २०२३ साली दर लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे ५०, गोऱ्या मातांचे साडेचौदा मृत्यू झाले. विम्याच्या कार्डाने ही दरी बुजणार नाही. पण मनं बदलेपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांना १९६६ आठवून द्यावंसं वाटतं. दक्षिणेतल्या इस्पितळांत तोवर वेगळे वॉर्ड आणि वेगळे दरवाजे होते, काही ठिकाणी तर प्रवेशच नव्हता. म्हाताऱ्यांसाठीची मेडिकेअर योजना १ जुलै १९६६ला सुरू व्हायची होती. सरकारने सांगितलं, वर्णभेद ठेवाल तर मेडिकेअरचा पैसा नाही. चारेक महिन्यांत हजाराहून अधिक इस्पितळांनी वॉर्ड एक केले. तेवढ्यात कुणाचं हृदयपरिवर्तन झालं असेल असं मला वाटत नाही.

शेवटी ‘हक्क आहे, पण अर्ज करत नाहीत, त्याला कोण काय करणार’ हे. विमा नसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक कुठल्या ना कुठल्या मदतीला पात्र असतात, हे कबूल. पण कोविडकाळातली सवलत ३१ मार्च २०२३ला संपल्यावर मेडिकेडमधून अडीच कोटींहून जास्त लोक काढले गेले, त्यांतले दोन तृतीयांशांहून अधिक कागदपत्रांच्या कारणाने: पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, फॉर्म वेळेत पोहोचला नाही. आर्कान्साने २०१८ मध्ये मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास कामाची अट घातली. तास नोंदवायचे ते संकेतस्थळावर, आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद! काही महिन्यांत १८ हजार लोकांचा विमा गेला. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना ही अट लागू होती त्यांतले ९५ टक्क्यांहून जास्त लोक ती आधीच पुरी करत होते किंवा नियमानेच तिच्यातून सुटत होते.

हीच ८० तासांची अट जुलै २०२५च्या कायद्याने मेडिकेडचा विस्तार केलेल्या राज्यांत २०२७च्या आरंभापासून लागू होणार आहे. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे, की त्या संपूर्ण कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांत एक कोटीची भर पडेल. कुणाची, ते पाहायला सप्टेंबरच्या आकड्यांची वाट बघायला नको. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मदतनीस घ्या. बहुतेक बायका, त्यांत कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित पुष्कळ, आणि पगार इतका कमी की अनेकींना स्वतःलाच मेडिकेड घ्यावं लागतं. त्यांचा पगारही बहुतांशी मेडिकेडच्याच पैशातून निघतो. सांभाळायची आजी इस्पितळात गेली की त्या आठवड्याचे तास बुडाले. २०१६च्या एका कायद्यामुळे मेडिकेडच्या पैशातल्या अशा सेवेची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची आहे: ती कुठल्या घरात किती वाजता शिरली आणि किती वाजता बाहेर पडली, सगळं. म्हणजे तिने किती तास काम केलं हे सरकारला मिनिटामिनिटाने कळतं. नवा कायदा म्हणतो, हाताशी असलेली माहिती आधी तपासा, मग पुरावा मागा. पगार देणाऱ्या टेबलावरची ती नोंद विमा कापणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचते की नाही, हे त्या जानेवारीत कळेल.